समाधानाचा उपदेश नेमका कुणाला?

समाधान या विषयावरचं प्रवचन मी जिथे जिथे ऐकलं, तिथे समोर बसलेला माणूस बहुतेक वेळा अडचणीत होता. मयतीनंतरची प्रार्थना, नोकरी गेलेल्याच्या घरची संगती म्हणजे प्रार्थनेची बैठक, दवाखान्यातली खाट. पगारवाढ झालेल्याच्या घरी पाळकसाहेब गेले आणि ‘बंधू, आता पुरे, समाधानी राहा’ म्हणाले, असं मी कधी पाहिलेलं नाही. तिथे उपकारस्तुती होते, केक कापला जातो, बिर्याणी असते. माझं म्हणणं असं आहे की ख्रिस्ती शास्त्रातला समाधानाचा धडा आपण चुकीच्या माणसाला देत आलो आहोत. ज्याचं बरं चाललंय त्याने तो आधी गिरवायचा आहे. आणि ज्याचं वाईट चाललंय त्याला तो द्यायचाच असेल, तर त्याच्या तक्रारीवर बोळा फिरवून देता येत नाही.

ठाण्यात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण इथल्या ख्रिस्ती समाजात बरे आणि वाईट दिवस एकाच वेळी, एकाच बाकावर बसलेले असतात. भाईंदर-उत्तनपासून ठाण्याच्या जुन्या गावठाणांपर्यंत ईस्ट इंडियन कुटुंबं कित्येक पिढ्या राहतात. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलं. घरची बोली मात्र मराठीच राहिली. त्यातल्या काहींच्या जमिनीला आज सोन्याचा भाव आहे. दुसरीकडे आमच्यासारखी नगर-जालन्याकडून आलेली कुटुंबं, जी वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांवर जगली. कारखाने बंद होत गेले. त्याच घरांतली पुढची पिढी आता ऐरोली-घणसोलीच्या आयटी कंपन्यांमध्ये कार्ड स्वाइप करून आत जाते. बापाची थकबाकी अडकलेली आणि मुलाला वार्षिक बोनस, हे एकाच छपराखाली घडतं. अशा घरात ‘समाधानी राहा’ म्हणताना आपण कुणाकडे बघून बोलतो, हे महत्त्वाचं ठरतं.

एक गोष्ट आम्हाला फार आवडते, ती म्हणजे सोसण्याच्या कथा. ठाण्याचं नाव ख्रिस्ती इतिहासात फार जुनं आहे. १३२१ साली इथे चार फ्रान्सिस्कन साधूंना ठार मारण्यात आलं, आणि त्यांच्यासोबत आलेल्या जॉर्दानस या साधूने त्यांची प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली. असा वारसा सांगताना छाती फुगते. सुबत्तेचा हिशेब मांडायची वेळ आली की आम्ही घड्याळाकडे बघतो.

उपकारस्तुतीच्या पाकिटांचं उदाहरण घ्या. ज्यांना मराठी मंडळीची, म्हणजे चर्चची, पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाढदिवस, नोकरी, आजारातून उठणं, अशा निमित्ताने घरची माणसं पाकिटात पैसे घालतात, वर नाव आणि कारण लिहितात, आणि रविवारच्या उपासनेत सेक्रेटरी ते वाचून दाखवतात. अमुक कुटुंबाकडून, मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळाल्याबद्दल. अमुक यांच्याकडून, घोडबंदर रोडच्या नवीन घराचा ताबा मिळाल्याबद्दल. अमुक ताईंकडून, मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाल्याबद्दल. पद्धत चांगली आहे. मिळालेलं आपल्या एकट्याच्या कर्तबगारीचं नाही हे चारचौघांत कबूल करायला धारिष्ट लागतं. पण यादी ऐकत गेलं की लक्षात येतं, सगळी कारणं चढत्या भाजणीची आहेत. ज्याच्या मुलाला व्हिसा नाकारला त्या घरचं पाकीट त्या रविवारी येत नाही. बरेचदा ते घरच येत नाही.

सुगीच्या सणाचा लिलाव तर बघण्यासारखा असतो. आता कुणाकडे शेत उरलेलं नाही, तेव्हा आमची सुगी जांभळी नाक्याच्या बाजारातून पिशवीतून येते. पन्नास-साठ रुपयांचा लाल भोपळा बोली चढत चढत दोन हजारांवर जातो. पैसा मंडळीच्या कामाला लागतो, हसणंखिदळणं होतं, त्यात वाईट काही नाही. पण बोली लावणारे हात दरवर्षी तेच असतात, आणि पहिली बोली पुकारायच्या आत जिना उतरून जाणारेही दरवर्षी तेच.

आता शास्त्र काय म्हणतं ते पाहू. समाधानाचा विषय निघाला की प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय उघडला जातो. पौल कैदेत आहे. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली आहे आणि तो त्यांचे आभार मानतो आहे. त्यात तो म्हणतो की आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला मी शिकलो. लगेच पुढे तो दोन्ही बाजू मांडतो: उपाशी राहायला शिकलो, तसं पोटभर असतानाही कसं राहायचं ते शिकलो. प्रवचनांत यातली पहिली बाजू तासभर चालते. दुसरी बाजू वाचून पान उलटतात. पोट भरलेलं असताना कसं राहायचं हे शिकावं लागतं, असं पौलाला का वाटलं असेल?

उत्तर शोधायला ठाण्यात फार लांब जावं लागत नाही. पुनर्विकासाला गेलेल्या कुठल्याही सोसायटीच्या सभेला बसा. वन रूम किचनमध्ये आयुष्य काढलेल्यांना वन बीएचके मिळणार असतो, आणि सभा तापते ती शेजारच्या इमारतीला पंचवीस फूट कार्पेट जास्त मिळाला यावरून. बिल्डरने फसवू नये म्हणून भांडणं वेगळं. ते जरूर करावं. पण मी त्या सभांत पाहिलंय, आपल्याला किती मिळालं हा प्रश्न दहा मिनिटांत संपतो आणि त्याला किती मिळालं हा प्रश्न रात्री बारापर्यंत चालतो. हालाखीत माणसाला निदान काय कमी आहे ते ठाऊक असतं. सुबत्तेत मापच सरकत जातं, आणि ते सरकतंय हे कळतही नाही.

लूकच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात कोठारं पाडून मोठी कोठारं बांधणाऱ्या धनवानाची गोष्ट आहे. ती कुठल्या निमित्ताने सांगितली गेली ते लोक विसरतात. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, वतनाचा माझा वाटा द्यायला माझ्या भावाला सांगा. म्हणजे दोन भावांचा वाटणीचा तंटा! गावठाणातल्या घराचं प्रॉपर्टी कार्ड, त्यावर आजोबांचं नाव, आजोबांची सहा मुलं, त्यातली दोन परदेशात आणि एकाची सही मिळत नाही, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना या प्रसंगाची टीप द्यावी लागणार नाही. नवी मुंबईत शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात परत मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांनी आगरी-कोळी घरांत काय झालं ते तिथलेच लोक सांगतात. जमीन गेली तेव्हा सगळे भाऊ एकत्र मोर्चाला होते; भूखंड हातात आला तेव्हा एकमेकांच्या विरोधात वकील लागले. येशू त्या माणसाचा न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि लोभाबद्दल बोलतो. त्याच्यासमोर उपाशी माणूस उभा असता तर तो असं बोलला नसता. बोलल्याची एकही नोंद नाही, उपाशी गर्दीला त्याने जेवू घातल्याची आहे.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. लोकमान्य नगरात दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात आणि त्यांना मोठं घर हवंय, याला लोभ म्हणणारा माणूस बहुधा स्वतः तीन बीएचकेत बसून बोलत असतो.

दुसरी बाजू तक्रारीची. समाधानी माणसाने गप्प बसावं असं आपल्याकडे गृहीत धरलेलं आहे, आणि त्यासाठी पौलाचाच दाखला दिला जातो. पण फिलिप्पैमध्ये पौलाचं काय झालं होतं? प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात ती हकीकत आहे. एका गुलाम मुलीच्या जिवावर पैसे कमावणाऱ्या मालकांचा धंदा बसला, म्हणून त्यांनी पौल आणि त्याचा सोबती सीला यांना धरून अधिकाऱ्यांपुढे ओढलं. चौकशी न करता फटके मारले, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं. मध्यरात्री ते दोघं स्तोत्रं गात होते. हा भाग संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असतो. सकाळचा भाग कुणाला पाठ नसतो. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, सोडून द्या त्यांना. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशीशिवाय उघड्यावर आम्हाला मारलं आणि आता गुपचूप घालवता? ते चालणार नाही. त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर काढावं. अधिकारी घाबरले, स्वतः आले, विनवण्या केल्या.

रात्री गाणारा आणि सकाळी अडून बसणारा माणूस एकच आहे. आणि समाधानाचं ते प्रसिद्ध पत्र त्याने पुढे याच शहरातल्या मंडळीला लिहिलं. ज्यांनी त्याचं अडून बसणं पाहिलं होतं, निदान ऐकलं होतं, त्यांनाच. तेव्हा त्या पत्रातून ‘सोसा आणि चूप राहा’ असा अर्थ पहिल्या वाचकांनी तरी काढला नसणार.

याच पत्रातलं आणखी एक वाक्य आमच्याकडे फार वापरलं जातं: आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे. दलित ख्रिस्ती समाजाने सवलतींचा प्रश्न काढला की मंडळीतली सुस्थितीतली माणसं हे वाक्य पुढे करतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम झालेल्यांना नाही. या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंनी कायद्याचे मुद्दे आहेत, त्यावर वाद जरूर व्हावा. पण नगरकडच्या एखाद्या पोराने तो विषय काढला म्हणून त्याचा विश्वास कच्चा आहे असं ठरवणं मला मान्य नाही. स्वर्गातल्या नागरिकत्वाबद्दल लिहिणाऱ्याने फिलिप्पैच्या तुरुंगात रोमचं नागरिकत्व खणखणीत वापरलं होतं.

महाराष्ट्रात याचं सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, शेवटी १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. त्याही अवस्थेत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचं काम त्यांनी सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या किती साधेपणाने राहत हे सगळ्यांना माहीत आहे. कमी सांगितलं जातं ते हे, की १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची जी आबाळ चालली होती तिच्यावर याच बाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं आणि तो प्रश्न ब्रिटिश संसदेपर्यंत पोचला. स्वतःसाठी काही न मागणारी बाई दुसऱ्यांसाठी गव्हर्नरला अडचणीत आणत होती. त्यांना असमाधानी म्हणायचं का?

ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला वाटेल की हा आमच्या घरातला वाद आहे. तसं नाही. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ हे मराठी माणूस गेली काही शतकं एकमेकांना ऐकवतो आहे, आणि ऐकवणारा सहसा वरच्या पायरीवर उभा असतो: घरमालक भाडेकरूला, मॅडम कामवालीला, मॅनेजर कंत्राटी कामगाराला. पण ज्या तुकोबांचं ते वचन, त्यांच्या घरी सावकारी होती, आणि दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. येणं त्यांचं होतं आणि सोडलंही त्यांनीच. कर्ज घेणाऱ्याला ‘तैसेचि राहा’ म्हणून वसुलीला ते गेले नाहीत. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तरी तुकोबांशी असलेलं नातं त्यांनी तोडलं नाही, आणि आमच्या उपासनेत अभंग आले ते मुख्यतः त्यांच्यामुळे. निदान मराठी ख्रिस्ती माणसाला तरी ही कर्जखतं आठवायला हवीत.

याच्या उलट टोकाला आशीर्वादाचा बाजार आहे. मोठ्या सभा, यूट्यूबवरचे संदेश, ‘बी पेरा, शंभरपट मिळेल’. तिथे बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय चालतो: दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) भांडारात आणा, मग मी आकाशाची दारं उघडून आशीर्वाद ओततो की नाही ते पाहा. हे दहावं वचन. त्याच अध्यायाचं पाचवं वचन या सभांत मी कधी ऐकलेलं नाही. त्यात देव म्हणतो की मजुराच्या मजुरीत त्याला नाडणाऱ्यांविरुद्ध, विधवा आणि अनाथांना छळणाऱ्यांविरुद्ध मी साक्ष द्यायला येतो. दहावं वचन हवं तर पाचव्यावरूनच पुढे जावं लागतं.

आता मी जिच्यामुळे हा विषय इतका मनावर घेतला त्या बाईंबद्दल. त्यांचे यजमान वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद झाला, ग्रॅच्युइटी आणि शेवटच्या काही पगारांची देणी राहिली, कामगारांनी केस केली. यजमान वारले, बाई केस चालवत राहिल्या. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली किमान पेन्शन महिन्याला १,००० रुपये ठरलं. त्या आकड्याच्या आसपास जगणाऱ्या माणसाला प्रवचनात उदाहरण म्हणून वापरायचा मोह पाळकांना होतो. यांच्या बाबतीत ते जमत नाही. त्यांचं पवित्र शास्त्र चेनच्या कव्हरमध्ये असतं आणि कव्हरच्या खिशात कोर्टाच्या तारखांची चिठ्ठी. तारीख पडली की मागचा आकडा खोडून पुढचा लिहितात. स्टेशनपर्यंत चालत जातात, शेअर रिक्षाचे पैसे वाचवतात, आणि वाटेत कुणी भेटलं की हसून दोन मिनिटं थांबतात. बाहेरगावच्या एका प्रचारकांनी त्यांना सांगितलं, सोडून द्या बाई, प्रभू बघून घेईल. त्या म्हणाल्या, ‘प्रभू बघतोयच. म्हणून तर मी तारीख चुकवत नाही.’

हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक शेवटी म्हणतं की अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वरात आनंद करीन. सुगीच्या दिवशी हे वचन आमच्याकडे भिंतीवर लावतात. त्या पुस्तकाची सुरुवात मात्र ‘हे परमेश्वरा, मी किती वेळ ओरडू, आणि तू ऐकत नाहीस’ अशा तक्रारीने होते. बाईंनी हबक्कूक अभ्यासला आहे की नाही मला माहीत नाही. त्या पहिल्या आणि शेवटच्या अध्यायात एकाच वेळी राहतात.

कुणी विचारेल, मग समाधानी माणसात आणि इतर भांडणाऱ्यात फरक काय राहिला? मला दिसतो तो असा. बाईंना त्यांची देणी हवी आहेत. ज्यांना मिळाली त्यांचं वाईट व्हावं असं वाटत नाही. केस जिंकली तर छप्पर गळणारं नीट करतील, हरल्या तरी रविवारी येतील. त्यांची झोप निकालावर टांगलेली नाही. सगळ्यांना हे साधतं असं मी म्हणणार नाही. आणि जो माणूस नैराश्याने ग्रासला आहे त्याला तर हे उदाहरण सांगूच नये. नैराश्य हा आजार आहे, त्याला डॉक्टर लागतो, ‘तुझा विश्वास कमी पडला’ हे वाक्य त्याच्यावर विषासारखं काम करतं. समाधानी पोरं पुढे जात नाहीत, या आक्षेपाला मात्र मी फार किंमत देत नाही. ऐरोलीच्या लोकलमध्ये सकाळी उभी असलेली पोरं बघा. त्यांना धावायला शिकवायची गरज उरलेली नाही.

पौलाच्या समाधानाबद्दल एक गोष्ट आणखी सांगायला हवी. त्याच्या काळातले स्टोइक तत्त्ववेत्तेही समाधान शिकवत, पण त्यांचा आदर्श कुणावर अवलंबून नसलेला माणूस. पौल तसा नाही. मी संतुष्ट राहायला शिकलो म्हणतो आणि पुढे लगेच म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. पैसे घेतो, पोच देतो. त्याच्या समाधानामागे एक मंडळी उभी होती, जी रिकाम्या हाताने सल्ला द्यायला आली नव्हती.

म्हणून हा सगळा विषय शेवटी मंडळीच्या हिशेबाच्या वहीत येतो. कितीतरी मंडळ्यांत, ख्रिस्ती शाळांत आणि दवाखान्यांत शिपाई, आया, सफाईवाले यांना ‘सेवा म्हणून करा’ असं सांगून बाहेरच्यापेक्षा कमी पगारावर ठेवलेलं असतं. मंडळीचा शिपाई पहाटे कुलूप उघडतो, बाकं पुसतो, मांडवाच्या खुर्च्या लावतो, लग्नाच्या रात्री एक वाजता दिवे बंद करतो. साउंड सिस्टिमची तरतूद पाच मिनिटांत मंजूर होते. शिपायाच्या पगाराचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, त्याने कधी मागितलं नाही हो, समाधानी आहे बिचारा. त्याचं समाधान आपल्या अंदाजपत्रकात बचत म्हणून धरायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

माझ्या सूचना साध्या आहेत. समाधानावरचं प्रवचन एप्रिल-मेमध्ये ठेवा, जेव्हा इन्क्रिमेंटची पत्रं येतात, आणि दिवाळीच्या बोनसच्या आठवड्यात पुन्हा एकदा. उपकारस्तुतीची पाकिटं नाव आणि कारण न वाचता स्वीकारा, म्हणजे व्हिसा नाकारलेल्या घरालाही यायला संकोच वाटणार नाही. केस लढणाऱ्याला घरी जाऊन उपदेश करण्यापेक्षा तारखेला दोघांनी सोबत जा. आणि वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत शिपायाचा पगार पहिल्या क्रमांकावर घ्या, चहा यायच्या आधी. चहानंतर आमच्या सभेला कोरम राहत नाही.